आठ ठोक्यांचा अंधार

“गिटार सुरात आहे. तुम्ही नाही आहात.”

हे वाक्य ऐकलं तेव्हा बोलणाऱ्याचं तोंडसुद्धा मी पाहिलं नव्हतं. आवाज मागून आला होता — रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या पलीकडून. शांत, जरासा झोपाळू आवाज. पण तालमीच्या त्या लांबोळक्या खोलीतली सगळी माणसं एकदम अशी चिडीचूप झाली, की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

मी... बेसूर?

मी, जी शाळेत असल्यापासून गिटार वाजवत आले? मी, जी रोज संध्याकाळी घोळकाभर पोरांना “कान काय घरी ठेवून आलात?” म्हणून दटावते? माझे स्वतःचेच कान तापून लाल झाले.

“तारा लावताना कुणीतरी चूक केलीय,” मी तोऱ्यात म्हटलं. “मी आत्ता लावून घेते.”

“मीच लावल्यात. सकाळी.”

“मग तुमची चूक आहे!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. खुर्च्यांच्या मागून एक उंच मुलगा उठून उभा राहिला. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. म्हणजे हाच तो! ज्याच्या जागी मला बोलावलं होतं, तो गिटारवाला. दिवे टांगायला शिडीवर चढला आणि दिव्याआधी स्वतः खाली आला, असं ड्रमवाल्या काकांनी मला सांगितलं होतं.

हे काका आमच्या शेजारचे. गाण्यांचं नाटक बसतंय, गिटारवाला पडलाय, येतेस का — असं त्यांनी जिन्यात विचारलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळी झाले. कुठली गिटार, हे विचारायचं सुचलंच नाही. गिटार म्हणजे गिटार! सहा तारा माझ्या लाकडी गिटारला, सहाच तारा त्या इलेक्ट्रिकला. एकीला पोकळ पोट आहे, दुसरीला वायर आहे, एवढाच काय तो फरक... असं मला वाटत होतं.

तो जवळ आला. त्याने डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि मी दाबत होते तीच तार, तिथेच दाबली. “वाजवा.”

मी वाजवली. स्वर स्वच्छ, सरळ.

“आता तुम्ही दाबा.”

मी दाबली, वाजवली... स्वर वर चढला होता! थोडासाच, पण चढलेला. तीच तार, तीच जागा.

“तुम्ही तार दाबत नाही, तिचा गळा धरता,” तो म्हणाला. “तुमच्या गिटारच्या तारा जाड असतात, त्या सोसतात. या बारीक आहेत. जरा जोर जास्त झाला की ताणल्या जातात, ताणल्या की स्वर चढतो. चूक कानाची नाही, हाताची आहे. हातोडीसारखा हात आहे तुमचा.”

“हातोडी!” मागून काका आनंदाने ओरडले. “अरे वा! इकडे कापूस, तिकडे हातोडी!”

कापूस म्हणजे तो. हात कापसासारखा हलका म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव, आणि सगळी मंडळी त्याच नावाने हाक मारायची. त्या मिनिटापासून मी हातोडी झाले, ती कायमची.

दिग्दर्शिका बाई — उंच, केस पांढरे, चष्मा डोक्यावर — कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. आता त्यांनी चष्मा खाली ओढला.

“कापूस, शिकव हिला. प्रयोगापर्यंत जमलं तर ही वाजवेल. नाही जमलं, तर गिटारची गाणी रेकॉर्डवर.”

“रेकॉर्डवर?” आम्ही दोघं एकदमच किंचाळलो.

“आणि एकदा रेकॉर्डवर गेली, की गिटारवाल्याची खुर्ची मी कायमची उचलणार. तुझा हात बरा झाला तरी परत मांडणार नाही. कळलं?”

त्याचा चेहरा प्लास्टरपेक्षा पांढरा झाला. माझा कसा झाला होता, कोण जाणे. पोरांच्या शिकवणीपलीकडे मिळालेली ही माझी पहिली खुर्ची होती.

*

माझी शिकवणी दुपारी, सगळे जेवायला गेले की. खोलीत मी, तो आणि एक गुणगुणणारा स्पीकर. माझ्यासाठी तो स्पीकरच मोठा धक्का होता. माझी लाकडी गिटार सभ्य. चुकलं तर झाकून घ्यायची. इथे बोट तारेवरून घसरलं की कर्र! बाही घासली की खर्र! नको असलेली तार जराशी हलली, तरी सगळ्या खोलीला कळायचं.

“हिच्यावर अर्धं काम वाजवण्याचं आणि अर्धं गप्प करण्याचं असतं,” तो म्हणाला. “तळहाताची कड तारांवर टेकवा. इथे, तारा जिथे गिटारला बांधल्यात तिथे. दाबू नका, नुसती टेकवा. आता वाजवा.”

टक्... टक्... टक्... दबलेला, गुबगुबीत आवाज आला. उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा.

“अय्या!”

“अय्या काय?”

“छान आहे.”

“मग तसं म्हणा ना. मला वाटलं, विजेचा झटका बसला.”

पण डावा हात काही ऐकेना. बोटं तारेवर गेली की मूठ आपोआप आवळायची. तो शब्दांनी सांगून थकला. “हलकं” म्हणाला, “अजून हलकं” म्हणाला, “झोपलेल्या बाळाच्या हातातून खेळणं काढून घेताय असं समजा” म्हणाला. शेवटी एक दिवस स्टूल ओढून माझ्या डाव्या खांद्यामागे बसला.

“उजवा हात तुमचा, डावा माझा,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही छेडा, मी दाबतो. दोघांत मिळून एक माणूस.”

मला हो-नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. त्याचा डावा हात गिटारच्या मानेवर आलासुद्धा. त्याला साबणाचा वास येत होता, आणि प्लास्टरचा, ओल्या खडूसारखा. मी तार छेडली... आणि जे वाजलं ते ऐकून मीच हबकले. तोच स्पीकर, तीच गिटार, आणि माझ्याच हातातून असा स्वर? पाण्यावर बोट फिरवल्यासारखा!

“आता बोट माझ्या बोटावर ठेवा,” तो म्हणाला. “बघा किती जोर आहे.”

मी ठेवलं. जोर नव्हताच. त्याचं बोट तारेवर असं होतं, जणू विचारतंय — बसू का इथे?

“एवढंच?” मी कुजबुजले.

“एवढंच.”

“आणि... बाकीचा जोर कुठे जातो?”

मी मान वळवली, तर तो गिटारकडे बघतच नव्हता. मी झटक्यात समोर बघायला लागले. उजवा हात सुटला, आणि स्पीकरमधून असा काही भीषण आवाज आला, की जेवून परतणारे काका दारातच तीनताड उडाले.

“काय रे, कुणाला मारलं?”

“तारांना,” तो म्हणाला. त्याचे कान लाल होते. माझेच लाल होतात असं मी समजत होते.

*

त्यानंतर तो कधी मला “तू” म्हणायला लागला आणि मी त्याला, ते कळलंच नाही. पाऊस असला की तो प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून यायचा, कोपराशी रबर लावून. “हाताला रेनकोट,” म्हणायचा. मी त्याला पाण्याची बाटली उघडून द्यायची, बुटाची नाडी बांधून द्यायची. नाडी बांधताना तो वरून म्हणायचा, “घट्ट नको हं, हातोडी. पायाचा स्वर चढेल.”

घरी वेगळीच तऱ्हा. एकदा मी बाहेरून आले, दार लावून घेतलं, तर आई स्वयंपाकघरातून धावतच आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

“बरं नाही का गं?”

“का? काय झालं?”

“दार हळू लावलंस! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, चोर आला की काय!”

मी हसले. पण त्याच संध्याकाळी शिकवणीला माझी लाकडी गिटार हातात घेतली आणि हसू मावळलं. गिटार वाजेचना! म्हणजे वाजत होती, पण पुसट, मिळमिळीत, भिंतीपलीकडून आल्यासारखी. शेवटच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “ताई, तुम्ही सुरू करणार कधी?” माझं निम्मं गाणं वाजवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर रडायच्या बेतात बसले. “तू माझा हात पळवलास. आता मला ना हे येतं, ना ते!”

तो हसला नाही. “त्या लाकडीला कुणी मदतीला नाही,” तो म्हणाला. “ना वायर, ना स्पीकर. जे द्यायचं ते तुझ्याच मनगटातून. ही इलेक्ट्रिक — हिच्या कानात सांगितलं तरी गावभर करते. दोघींशी एकाच आवाजात बोलून कसं चालेल?”

मग मी घरून लाकडी गिटार आणायला लागले. दोन मिनिटं ही, दोन मिनिटं ती. लाकडीवर मनगट खांद्यापासून सोडायचं, तारा मोकळ्या वाजू द्यायच्या. इलेक्ट्रिकवर हालचाल मुठीत मावेल एवढी, आणि नको ती तार गप्प. रोज अदलाबदल, रोज घोटाळे. एकदा चहाच्या सुटीत मी लाकडीवर तिसऱ्या अंकातलं गाणं मोकळ्या हाताने वाजवत होते. वाजवून थांबले, तर बाई कप हातात घेऊन समोर उभ्या. चष्मा डोळ्यांवर.

“हे हवंय मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“गाण्याचं पहिलं कडवं या गिटारवर. आई झोपलेल्या लेकराशेजारी गुणगुणते. मग रंगमंचावर अंधार. उजेड येतो तेव्हा लेकरू मोठं झालेलं, परक्या शहरात, तिथून इलेक्ट्रिक. मध्ये ड्रमचे आठ ठोके. तेवढ्यात गिटार बदल.”

“आठ ठोक्यांत!” मी ओरडले. “बाई, गळ्यातला पट्टासुद्धा निघत नाही तेवढ्यात!”

“मूल आठ ठोक्यांत मोठं होतंय. तुला गिटार बदलता येत नाही?”

आणि त्या गेल्या. मी कापसाकडे पाहिलं. तो हसत होता, पण ते हसू कुठेतरी मध्येच अडकलं होतं. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या दिवशी धो धो पाऊस होता, आणि त्याच्या प्लास्टरवर पिशवी नव्हती.

*

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी तालमीला जरा लवकर निघाले होते. जिन्याच्या मधल्या वळणावर पोचले आणि पाऊल उचललेलंच राहिलं.

टक्... टक्... टक्... टक्...

माझाच भाग! तळहाताची कड टेकवून वाजवलेला, दबका, एकसारखा. आणि मध्येच मोकळा सुटणारा स्वर, पाण्यावर फिरणाऱ्या बोटासारखा. एका हाताने हे वाजत नाही. डाव्या हाताने नुसती तार ठोकून थोडंफार काही काढता येतं, पण हे... याला उजवा तळहात लागतो. उघडा तळहात.

मी दार ढकललं.

तो माझ्या खुर्चीवर बसला होता. नाही — त्याच्या खुर्चीवर. दोन्ही हात गिटारवर. आणि शेजारच्या टेबलावर, शेंगेच्या टरफलासारखे दोन भाग झालेलं ते प्लास्टर! बाजूला गुंडाळायची पट्टी.

तो उठला, गिटार घसरली, त्याने सावरली. दोन्ही हातांनी सावरली, आणि तेच बघून मला जास्त लागलं.

“कधी निघालं?”

“गेल्या आठवड्यात.”

“आणि तू... ते परत बांधून येतोस? रोज? माझ्याकडून नाडी बांधून घेतोस!”

“हातोडी, ऐक—”

“का?”

तो पट्टीकडे बघत राहिला. “हात सुटला म्हटलं असतं, तर त्याच दिवशी मी खुर्चीवर आणि तू दाराबाहेर. काकांनी ‘येतेस का’ विचारलं तसंच ‘जातेस का’ विचारलं असतं. मला ते...” तो थांबला. “तू रोज यायला हवी होतीस. बस.”

हे दुसऱ्या कुठल्याही दिवशी ऐकलं असतं, तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती.

“म्हणजे मी वाजवते म्हणून ही खुर्ची माझी नाही. तू लंगड्याचं नाटक करतोस म्हणून माझी!”

“लंगड्याचं नाही. हाताचं—”

“विनोद करू नकोस!”

मी तशीच वळले आणि बाईंच्या खोलीत गेले. त्या कपडेपटातल्या शालींवर मंडळीच्या नावाचे शिक्के मारत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. आता त्या भडकणार, त्याला बोलावणार, हाकलणार... हाकलू नका, असंही लगेच म्हणावंसं वाटत होतं.

बाईंनी शालीची घडी केली. “मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“परवा त्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या गाण्याला.” त्यांनी दुसरी शाल उचलली. “खुर्ची एक आहे. दोघांनी वाजवा, तिसऱ्या अंकातलं. मी तुमच्याकडे पाठ करून बसते. जे बरं वाजेल ते वाजेल.”

*

मी आधी त्याला वाजवू दिलं. बाई शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून बसल्या. काका ड्रमवर, आणि कधी नव्हे ते गंभीर.

त्याने लाकडी गिटार घेतली, माझीच. हात हलका, सुंदर... आणि आवाज? मी अगदी समोर होते, तरी मला कान द्यावा लागला. प्लास्टरमधून निघालेलं मनगट, काडीसारखं बारीक झालेलं. जोर लावताना त्याचे ओठ आवळलेले दिसत होते. आठ ठोके. गिटार बदलली. आणि इलेक्ट्रिकवर त्याने जे वाजवलं, ते ऐकून मला वाटलं, संपलं. मी घरी जाते.

मग मी. लाकडीवर मनगट मोकळं सोडलं. खोली भरून गेली, खिडकीची काच थरथरली. आठ ठोके. पट्टा केसांत अडकला, ओढून काढला. इलेक्ट्रिक. हलकं... अजून हलकं... त्याच्यासारखं नाही वाजलं. पण एकही स्वर चढला नाही.

बाई भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, “दुसरं.”

काकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या.

“पहिल्यात आई गातेय हेच मला ऐकू आलं नाही. दुसऱ्यात आलं.”

“पण बाई, त्याचा हात आत्ताच सुटलाय!” हे ओरडणारी मी होते. माझा मलाच धक्का बसला. “अजून थोडे दिवस दिलेत तर—”

“प्रेक्षक हात बरा व्हायची वाट बघत नाहीत, बाळ,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला नुसता धक्का बसला होता. इतका निखळ, लहान मुलासारखा धक्का मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

“मला वाटत होतं, मी तुला खुर्ची देतोय,” तो सावकाश म्हणाला. “ती तर... तू घेतलीस.”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खोटं बोलायचं नव्हतं. एकाचं खोटं पुरे होतं.

त्याने मान डोलावली. दार लावून गेला. हळूच, आवाज न करता.

मला हवी होती ती खुर्ची मिळाली होती, अगदी माझ्या हक्काची. मी तिच्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. काका ड्रमच्या काठीने डोकं खाजवत म्हणाले, “कमाल आहे तुम्हा पोरांची! हरलेला रडत नाही, जिंकलेली रडतेय.”

*

प्रयोगापर्यंत तो आला नाही. मी फोन हातात घ्यायची, ठेवायची. काय म्हणणार? “ये” म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? खुर्ची परत करते म्हणावं, तर मी त्याला तेच दान देणार, जे मला नको होतं.

आणि ती अदलाबदल काही केल्या जमत नव्हती. एकदा लाकडी गिटार स्टँडवर आपटली — धाडकन! एकदा वायर पायात आली. काका म्हणाले, “मी गुपचूप नऊ ठोके मोजू का?” बाई लांबून म्हणाल्या, “मला आठपर्यंत येतं.”

प्रयोगाची संध्याकाळ. रंगमंचासमोर, वादकांच्या खोलगट जागेत, डोक्याच्या वर पहिल्या रांगेचे बूट दिसत होते. दोन अंक सरले. तिसरा. आईने लेकराच्या अंगावर पांघरूण घातलं आणि गुणगुणायला लागली. मी मनगट मोकळं सोडलं. शेवटचा स्वर तसाच हवेत राहिला... आणि अंधार.

एक. मी पट्ट्याला हात घातला — तिथे आधीच कुणाचा तरी हात होता!

मी किंचाळणारच होते. साबणाचा वास.

दोन. मांडीवरचं वजन उचललं गेलं. तीन. मानेवरचे केस कुणीतरी अलगद बाजूला केले. चार. दुसरा पट्टा खांद्यावर. पाच. वायर खटकन बसली. सहा.

“तुझ्यावाचून करमत नाही,” माझ्या कानाशी तो म्हणाला.

सात.

“लग्न करशील?”

आठ.

उजेड!

माझी बोटं तारांवर होती, आणि अंगातलं सगळं रक्त त्या बोटांत. मूठ आवळली गेली. पहिलाच स्वर वर चढायला लागला. मला ऐकू आलं, त्यालाही आलं असणार. मी श्वास सोडला. बोट सैल केलं. स्वर खाली उतरून जागेवर बसला, आणि मग पुढचे सगळे आपापल्या जागी.

त्याला निघून जायला वेळच मिळाला नव्हता! उभा राहिला असता, तर अर्ध्या नाट्यगृहाला दिसला असता. म्हणून तो स्पीकरच्या आडोशाला, माझ्या गुडघ्याशी, लाकडी गिटार कवटाळून उकिडवा बसला होता. काकांनीच माझे घोटाळे सांगून त्याला बोलावलं असणार. काळा शर्ट, घामेजलेलं कपाळ. आणि वर माझ्याकडे बघत होता.

दोन कडव्यांच्या मध्ये गायिका एकटी गाते, तेव्हा गिटार गप्प असते. मी तारांवर तळहात ठेवला.

“खुर्चीचा राग गेला?” मी ओठ न हलवता विचारलं.

“नाही. थोडा आहे अजून.”

“किती?”

“रोज येऊन इथे बसावं लागेल, एवढा.”

“आणि मनगट बरं झाल्यावर?”

“खुर्ची मागेन. बाईंना पाठ करून बसायला सांगेन.”

“मी परत हरवेन.”

“हरव.” तो जागचा जरासा हलला. “पण लवकर बोल गं. पायाला मुंग्या आल्यात.”

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम. वर गायिकेचा शेवटचा सूर लांबत चालला होता.

“हो,” मी म्हटलं.

“कशाला हो?”

“लग्नाला. आणि हरवायलासुद्धा.”

तो तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत राहिला. मागून काकांनी गळा खाकरला, अगदी जवळून, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. “अभिनंदन, पोरांनो,” ते पुटपुटले आणि दोन्ही काठ्या वर उचलल्या. “आता वाजव. तुझं कडवं आलं.”